डावा डोळा

"हा डोळा आहे का उभं ठेवलेलं अंडं?" इम्तियाज माझ्या कानात पुटपुटला.

"गप की. ऐकतील ते."

"ऐकू देत. मी फ्लेक्सवाला, मला काय कळतंय, असं म्हणून सोडून देतील. तू गोल्ड मेडलवाली आहेस, तू सांग."

मी काय सांगणार? मयूरध्वज टॉकीजच्या मागच्या पटांगणात दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब चौकट विटांवर आडवी ठेवली होती. तिच्यावर कापड ताणलेलं, कापडावर खडूच्या रेघांचे चौकोन, आणि मधोमध आडवी टाकलेली एक फळी. त्या फळीवर मांडी घालून लोहार पेंटर बसले होते. बनियन, मांडीवर रंगाचे डाग पडलेला पायजमा, कानाला अडकवलेली बिडी. ब्रश धरलेला उजवा हात थरथरत होता. लपवता येण्यासारखं ते नव्हतंच. आणि त्या हाताखाली जो डोळा उमटत होता, तो खरोखरच उभट होता. पापणी कुठल्या कुठे वर गेलेली, बुबुळ गोल सोडून लांबट, भुवई तर डोक्याच्या केसांत घुसायच्या बेतात.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. कोल्हापुरात त्या जानेवारीत एका मंडळानं तीन दिवसांचा कला उत्सव भरवला होता. शुक्रवार, शनिवार, रविवार. टॉकीजच्या गल्लीत आणि आसपासच्या चौकांत जिथं जागा मिळेल तिथं काही ना काही चाललेलं. आम्ही तिघं कलाशाळेतले मित्र, मी, इम्तियाज मुल्ला आणि कल्याणी लोहार. कल्याणी म्हणजे पेंटरांची मुलगी. मी कलाशाळेतून पोर्ट्रेटमध्ये पहिली आले होते आणि पुण्यातल्या एका जाहिरात कंपनीत मला नोकरी लागली होती. पुढच्या आठवड्यात रुजू व्हायचं होतं. माझे पाय तेव्हा जमिनीवर नव्हते, हे आधीच सांगून टाकते.

टॉकीज बंद पडून बरीच वर्षं झाली होती. उत्सवाच्या लोकांनी ठरवलं की शेवटच्या दिवशी टॉकीजच्या दर्शनी भिंतीवर पूर्वीसारखं हातानं रंगवलेलं बॅनर चढवायचं. पण नट-नटीचं नाही. बायकांच्या तिकीटखिडकीवर तीस वर्षं बसलेल्या अनसूयाक्कांचं. त्यांच्या ओळखपत्रावरचा तरुणपणीचा अंगठ्याएवढा फोटो कुणीतरी शोधून काढला. आणि असलं बॅनर काढणारा गावात एकच माणूस शिल्लक होता. फ्लेक्स आल्यापासून चौदा वर्षं त्यानं बॅनर काढलं नव्हतं. दुकानांच्या शटरवर, टेम्पोच्या पाठीवर नावं लिहून दिवस काढत होता.

"बाबांनी सांगितलंय," कल्याणी शुक्रवारीच आम्हाला म्हणाली होती, "हे उभं राहिलं आणि माणसं थांबून बघायला लागली, तर पुढं काम करणार. नाहीतर ब्रश ठेवला. सोमवारी सगळं सामान भंगारात आणि आम्ही इचलकरंजीला काकाकडं."

"असं कसं? दुकानांचं काम आहे की," मी म्हणाले.

"गल्लीत बोलतात गं. पेंटरचा हात गेला म्हणून. कानावर येतंय त्यांच्या." तिचे डोळे भरून आले. "लोक हसले ना वृषा, तर बाबा मोडून पडतील माझे."

तर असं सगळं होतं, आणि शनिवारी दुपारी तो अंड्यासारखा डोळा बघून मला कल्याणीचं बोलणं आठवलं.

बॅनर चार तुकड्यांत होतं. खालचे दोन तुकडे, म्हणजे ओठ, हनुवटी, मान, शुक्रवारीच झाले होते. शनिवारी वरचा डावा तुकडा, रविवारी सकाळी वरचा उजवा, आणि चार वाजता चारही वर चढवून जोडायचे. झालेले तुकडे भिंतीकडं तोंड करून उभे केलेले होते.

"काका, उलटे का हो ठेवलेत?" मी विचारलं होतं.

"झाला की फिरवायचा. मग बॅनर चढेस्तोवर कुणी बघायचं न्हाई. मीसुद्धा न्हाई," पेंटर म्हणाले. "जवळनं बघितलं की हात शिवशिवतोय. इथं थोडं, तिथं थोडं. आणि वाटोळं हुतंय."

"पण चूक असली तर?"

"असली तर वर गेल्यावर दिसंल की."

एवढंच बोलले. काम करताना बोलणारा माणूस नव्हता तो. आणि मीही पुढं विचारलं नाही. विचारलं असतं, 'काका, डोळा असा लांब का?', तर दोन वाक्यांत काम झालं असतं. पण मला वाटलं, विचारणं म्हणजे म्हाताऱ्याच्या तोंडावर त्याची चूक दाखवणं. शिवाय उत्तर मला माहीत होतंच ना! हात गेला, नजर गेली, चौदा वर्षांची सवय तुटली. संपलं.

तीन वाजता तुकडा झाला. चौघांनी धरून तो उभा केला, फिरवून भिंतीला टेकवला. कल्याणी बाबांना गोळ्या द्यायला आणि थोडं पडायला घरी घेऊन गेली. मी आणि इम्तियाज उत्सवात घुसलो.

काय दिवस होता तो! पिंगुळीहून आलेल्या बाहुल्यांचा खेळ बघितला, एका आजोबांच्या दहा बोटांत अख्खं रामायण नाचत होतं. मग पळत पळत चौकात मर्दानी खेळ. नऊवारीतली एक चौदा वर्षांची पोरगी डोळे बांधून लिंबू कापत होती, आणि लिंबू दुसऱ्या पोरीच्या हातावर. मातीच्या चाकावर इम्तियाजनं एक गाडगं करायला घेतलं, त्याचं ताट झालं. मिसळ खाल्ली, कट दोनदा मागून घेतला. जिकडंतिकडं ओळखीची माणसं भेटत होती. पण माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. डोळ्यांसमोर तो एकच डोळा.

"इम्त्या, चल," मी शेवटी म्हणाले. "एक काम आहे. तुकड्याची एक बाजू धरायची."

त्याला लगेच कळलं. "वेडी झालीस का? त्यांनी फिरवून ठेवलाय तो."

"उद्या चार वाजता अख्खं गाव हसणार आहे. चालेल तुला?"

"मग कल्याणीला विचारू."

"ती घाबरेल. अरे, अर्ध्या तासाचं काम. रंग ओलाय. पापणी खाली घ्यायची, बुबुळ गोल करायचं. कुणाला कळणारसुद्धा नाही. काकांना तर नाहीच, ते पुन्हा बघणार नाहीत."

"मला हे बरोबर वाटत नाही, वृषा."

"तुला फ्लेक्समधलं कळतं. हे मला कळतं."

जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्यासारख्यांना. तो माझ्या मागून आला.

साडेपाचचं ऊन पटांगणात तिरकं पडलं होतं. आम्ही तुकडा फिरवला. मी चिंधीला टर्पेंटाइन लावलं आणि पेंटरांची पापणी पुसली. पुसताना मनात जराही चलबिचल झाली नाही. उलट फोटो डाव्या हातात धरून मी असा काही डोळा काढला की मीच खूश झाले. माप बरोबर, बुबुळ गोल, आत उजेडाचा ठिपका. इम्तियाजसुद्धा म्हणाला, "नाद खुळा. डोळा म्हणजे डोळा आहे." मग आम्ही तुकडा होता तसा उलटा उभा केला आणि चिंधी पटांगणाच्या कोपऱ्यातल्या कचऱ्यात टाकली.

रविवारी सकाळी पेंटर आठलाच फळीवर बसले होते. मी कल्याणीबरोबर रंग कालवायला बसले. मनात होतं की संधी मिळाली की उजवा डोळाही सुधारायचा. त्यांनी तो पहिल्यासारखाच काढला. तसाच उभट, तशीच चढलेली पापणी. पण एक गोष्ट त्या दिवशी मला दिसली आणि जरा खटकली. हात थरथरत होता, तरी ब्रश कापडाला टेकला की थरथर थांबायची. रेघ सरळ जायची. मी ते बघितलं आणि मनाला म्हटलं, योगायोग असेल.

त्या दिवशी ते फळीवरून उठलेच नाहीत. जेवण फळीवर, चहा फळीवर. मला काही संधी मिळाली नाही. म्हटलं, जाऊ दे, एक डोळा तरी बरोबर आहे.

चार वाजता गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. टॉकीजच्या भिंतीला बांबूची परांची बांधलेली. तुकडे पडद्याआड एकेक करून दोरांनी वर ओढले गेले, जोडले गेले. गल्ली अरुंद, समोरच्या दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं दाटून उभी होती, माना वर करून. अनसूयाक्कांना खुर्ची दिली होती. पंचाहत्तरीची बारीकशी बाई, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. त्यांच्या शेजारी पेंटर. नवा पांढरा शर्ट घातलेला. कल्याणीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली.

पडदा खाली पडला.

मी आजवर पुष्कळ मोठी चित्रं बघितलीत. पण त्या क्षणी जे झालं ते पुन्हा कधी झालं नाही. चोवीस फूट उंच एक तरुण बाई आमच्याकडं बघत होती. कपाळ जिथं असावं तिथं, नाक सरळ, ओठ मिटलेले पण आता बोलतील असे. खालून मान वर करून बघताना तो सगळा ताणलेला, वाकडातिकडा वाटणारा चेहरा जागच्या जागी येऊन बसला होता. उजवा डोळा! जो मला अंडं वाटला होता तो डोळा थेट माझ्यावर रोखलेला होता. मी एक पाऊल सरकले, तर तो माझ्याबरोबर सरकला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. गल्लीतला गलका थांबला. खरंच थांबला.

आणि मग मी डावा डोळा बघितला.

माझा डोळा. माप बरोबर असलेला, फोटोबरहुकूम. त्या जिवंत चेहऱ्यात तो चेपलेला होता. अर्धा मिटलेला, आळसटलेला. एका बाजूनं बाई जागी, दुसऱ्या बाजूनं झोपेत.

हलकी कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी हसलं.

"पेंटर," अनसूयाक्का म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात काही खोट नव्हती, भाबडेपणानं विचारलं त्यांनी. "बाकी समदं झ्याक हाय बघा. पर माझा ह्यो डोळा असा बारीक हुता व्हय?"

पेंटर वर बघत होते. त्यांना पहिल्या नजरेतच कळलं असणार. आपली रेघ माणूस ओळखत नाही होय? त्यांनी मान खाली घातली, रंग बसलेल्या नखांकडं बघितलं.

"न्हाई अक्का," ते म्हणाले. "हात हलला असंल. वय झालं आता."

कल्याणीच्या तोंडून हुंदका फुटला. पायरीवरचा एकजण दुसऱ्याला म्हणाला, "सांगत होतो की, हात गेलाय म्हणून." पेंटरांनी ते ऐकलं. मी त्यांचा चेहरा बघत होते, त्यांनी ऐकलं.

लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार मनात आला तो हाच, की गप्प राहावं. कुणालाच माहीत नाही. इम्तियाज बोलणार नाही. आठवड्यानं मी पुण्यात असेन. मी इम्तियाजकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, जमिनीकडं बघत होता.

"तो डोळा मी काढलाय," मी म्हणाले. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. "काका, तो डोळा मी काढलाय! काल संध्याकाळी. तुमचा पुसून. तुमचा हात हलला नाही. मीच मूर्ख आहे!"

कल्याणीनं माझा हात सोडला. सगळी गल्ली माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, पेंटर मुस्काटात मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

"तू पुसलास?" ते म्हणाले.

"मला वाटलं, लांब झालाय. चुकलाय."

"लांबच काढायचा असतोय." त्यांनी गल्लीकडं हात केला. "रस्ता बारीक हाय. माणूस खाली उभा ऱ्हाणार, मान वर करून बघणार. वरचं समदं दबतंय. म्हणून वरचं ताणायचं. विचारायचं न्हाईस व्हय, पोरी?"

मी रडत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग परांचीकडं.

"चढतो मी," ते म्हणाले.

"बाबा, बिलकुल नाही!" कल्याणी मध्ये आली. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? जिना चढवत नाही तुम्हाला."

ते थांबले. मग मला म्हणाले, "तू चढ."

"मी?"

"पुसलास तू, काढायचास तू. डबे बांध कमरेला."

मी डबे बांधून परांचीवर चढले. डोळ्याच्या उंचीला पोचले, तोंड वळवलं, आणि समोर काहीच नव्हतं. म्हणजे डोळा नव्हता, चेहरा नव्हता. नाकाला टेकेल असं नुसतं तपकिरी आणि पांढरं कापड. कुठं पापणी, कुठं बुबुळ, काही कळेना.

"काका, मला काहीच दिसत नाही!" मी ओरडले.

"तुला बघायचं न्हाईच," खालून आवाज आला. मी त्यांना एवढ्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "मला दिसतंय. पूस ते. सगळं. आता काळा घे. डाव्या हाताला वीतभर सरक. वर. अजून वर. अजून चार बोटं."

"एवढं वर?"

"वर म्हटलं की! हां. आता तिथनं उजवीकडं आण. हळू. वाकव. पुरे!"

मी ऐकत होते आणि हात नेत होते. जे काढत होते ते मला साफ चुकीचं वाटत होतं. प्रत्येक रेघेला माझं सगळं शिक्षण नको नको म्हणत होतं. एकदा न राहवून मी पापणी दोन बोटं खाली घेतली. लगेच आवाज आला, "ते तुझं झालं. माझं काढ." खाली शे-दोनशे माणसं होती आणि त्या एका आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. किती वेळ गेला माहीत नाही. ऊन भिंतीवरून सरकून माझ्या मानेवर आलं.

"आता पांढरा. बारक्या ब्रशानं. बुबुळात वरच्या अंगाला. एकच ठिपका. टेकव आणि उचल."

टेकवला आणि उचलला.

खालून एक आवाज आला. टाळ्या नव्हत्या त्या. दोनशे माणसांनी एकदम श्वास घेतला की येतो तसा आवाज.

"उतर," पेंटर म्हणाले. "उतरताना बघू नको. खाली आल्यावर बघ."

मी उतरले. पाय जमिनीला लागले, वळले आणि वर बघितलं.

ती दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडं बघत होती. मी केलेलं सगळं तिला माहीत होतं आणि तरीही ती बघत होती. मी काढलेला डोळा मी ओळखू शकले नाही. खरं सांगते, माझ्या हातानं ते झालं यावर आजही माझा विश्वास बसत नाही. मी हात जोडले. कुणाला जोडले मला माहीत नाही.

अनसूयाक्का खुर्चीतून उठल्या. वर बघत बघत त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, कुणी मोठं माणूस समोर आल्यावर बायका करतात तसा. "आगं बाई," एवढंच म्हणाल्या.

मग मात्र गल्ली फुटली. शिट्ट्या, आरोळ्या, कुणी पेंटरांना खांद्यावर घ्यायला धावलं. "आरं सोडा, सोडा," म्हणत ते कसेबसे सुटले आणि पायरीवर येऊन बसले. मी त्यांच्या समोर उभी राहिले. माफी कशी मागायची सुचेना. हात कोपरापर्यंत काळे झालेले.

त्यांनी कानावरची बिडी काढली, पेटवली नाही, बोटांत फिरवत बसले. कल्याणी शेजारी उकिडवी बसून रडत होती आणि हसत होती.

"कल्याणे," ते म्हणाले, "रंगात कालवायचं जवसाचं तेल संपलंय. उद्या आणाय लागंल."

कल्याणी तोंडाला पदर लावून एवढी रडली की इम्तियाज पाणी आणायला पळाला.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आणि तू. पुण्याला कधी जाणार हाईस?"

"पुढच्या आठवड्यात."

"हं. मग उद्या सात वाजता ये. येताना भाकरी घेऊन ये, दुपारपर्यंत सोडणार न्हाई."

मी साडेसहालाच जाऊन पटांगणाच्या दारात बसले. पुढच्या आठवड्यात पुण्याला गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही.